बोरघाटातील वर्षासहलीचा पूर्वेतिहास

मृगाच्या सरी स्थिरावल्या की मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतून लोणावळा-खंडाळ्याकडे माणसांचा ओघ सुरू होतो आणि तो श्रावण सरेपर्यंत टिकतो. भिजण्यासाठी, धबधब्याखाली उभे राहण्यासाठी आणि धुक्यात हरवलेली दरी पाहण्यासाठी केलेल्या या प्रवासाला मराठीत वर्षासहल किंवा वर्षाविहार असे नाव रूढ झाले आहे. आज ही प्रथा इतकी अंगवळणी पडली आहे की ती सह्याद्रीइतकीच जुनी असावी असे सहज वाटते. परंतु घाटमाथ्याचा इतिहास पाहू लागल्यावर नेमके उलटे चित्र समोर येते. या डोंगराळ मुलखात सुमारे दोन हजार वर्षे पावसाळा हा थांबण्याचा ऋतू मानला गेला, इंग्रजांनी वसवलेली थंड हवेची ठिकाणेसुद्धा पाऊस सुरू होताच ओस पडत, आणि केवळ मौजेसाठी पावसात घाट चढण्याची रीत रेल्वे, तलाव व रविवारची सुट्टी या तीन गोष्टी एकत्र आल्यानंतरच आकाराला आली.

या प्रथेचे स्थान समजून घेण्यासाठी बोरघाटाची रचना ध्यानात घ्यावी लागते. कोकणातील खोपोली ते घाटमाथ्यावरील खंडाळा हे सरळ रेषेत फारसे अंतर नाही, पण तेवढ्यात जमीन सुमारे पाचशे मीटरने उंचावते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने जड झालेले वारे या उभ्या भिंतीवर आदळून वर ढकलले जातात, वर जाताना थंड होतात आणि आपला बहुतेक भार कड्याच्या अलीकडे-पलीकडे टाकून मोकळे होतात. त्यामुळे लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तिथून लोहमार्गाने अवघ्या ६४ किलोमीटरवर असलेल्या पुण्यात तो सातशेच्या आसपास येऊन थांबतो; डोंगराने वारा अडवल्यामुळे पलीकडे पडणाऱ्या या कमी पावसाच्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. मावळातील शेतकऱ्याने या पावसाचे वर्गीकरण नक्षत्रांवरून केले आहे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा, अशी त्याची नावे आहेत, आणि त्यांत पावसाच्या जोमाबरोबरच शेतीच्या कामांचे वेळापत्रकही सामावलेले आहे.

घाटमाथ्यावर पावसाळ्यात मुक्काम करणाऱ्यांपैकी ज्यांची लेखी नोंद सापडते असे सर्वांत जुने लोक म्हणजे बौद्ध भिक्षू. एरवी सतत फिरत राहणाऱ्या भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे असा नियम होता आणि त्या मुक्कामाला वर्षावास म्हणत. या नियमामागचे जे कारण विनयग्रंथात सांगितले आहे, ते या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे: पावसात हिंडणारे भिक्षू कोवळे अंकुर आणि बारीक जीवजंतू पायांखाली तुडवतात अशी लोकांची तक्रार होती आणि ती मान्य करून बुद्धांनी हा नियम घालून दिला. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून कोरल्या गेलेल्या भाजे येथील लेण्यांत आणि त्यानंतरच्या कार्ले येथील लेण्यांत या वर्षावासाची सारी सोय दिसते. ओल्या हवेपासून आडोसा देणाऱ्या लहान खोल्या, निजण्यासाठी कोरलेले दगडी ओटे आणि डोंगरावरून उतरणारे पाणी साठवण्यासाठी खोदलेली टाकी, ज्यांना त्या काळच्या शिलालेखांत पोढी म्हटले आहे, हे सर्व तिथे आजही पाहता येते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे. वलूरक म्हणजे आजच्या कार्ले येथील लेण्यांत वर्षावासासाठी राहणाऱ्या सर्व प्रव्रजितांच्या, म्हणजे घर सोडून संघात आलेल्या भिक्षूंच्या, निर्वाहासाठी हे दान होते. एका अख्ख्या गावाचे उत्पन्न पावसाळ्यातील मुक्कामासाठी लावून दिले जाते, यावरून त्या काळी घाटातील पावसाकडे किती गांभीर्याने पाहिले जाई हे कळते. भाजे येथील एका विहारात हत्तीवर आरूढ झालेल्या देवतेचे शिल्प असून ती पर्जन्यदेव इंद्राची मूर्ती असल्याचे सामान्यतः मानले जाते. त्याच लेण्यांच्या कुशीत कोसळणाऱ्या धबधब्याखाली आज हजारो सहलकरी भिजतात, आणि त्यांतील अनेकांची पावले वर कोरलेल्या खोल्यांकडे वळतसुद्धा नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

पुढे बौद्ध संघ या लेण्यांतून गेला तरी थांबण्याचा नियम निराळ्या नावाने टिकून राहिला. आषाढापासून कार्तिकापर्यंतच्या चातुर्मासात जैन साधू एका गावी वास्तव्य करतात आणि हिंदू घरांतून व्रते-नियमांची रेलचेल असते. राज्यकारभार आणि युद्धेही याच चक्रावर चालत. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. बोरघाट ओलांडून पुण्यावर चाल करणाऱ्या इंग्रज फौजेनेही १७७८ च्या अखेरीस, म्हणजे रस्ते कोरडे झाल्यावरच, घाट चढला होता आणि जानेवारी १७७९ मध्ये मावळातील वडगाव येथे तिला मराठ्यांपुढे तह पत्करावा लागला. घरगुती जीवनातही श्रावणात सासुरवाशिणी माहेरी येत, नागपंचमीला झाडांना झोके बांधले जात, मंगळागौरीच्या रात्री खेळ रंगत. पण हे सारे घराच्या नाहीतर गावाच्या आसपासचे होते. जिला आजच्या अर्थाने सहल म्हणता येईल ती रीत म्हणजे वनभोजन, आणि आवळीभोजनाच्या रूपाने ती येते कार्तिकात, पाऊस सरल्यानंतर आणि जमीन वाळल्यावर.

या सर्वसाधारण नियमाला एक मोठा अपवाद होता आणि तो म्हणजे आषाढी वारी. शेतात पेरण्या आटोपून वारकरी ऐन पावसात पंढरपूरची वाट धरतात आणि वाटेत भिजणे हे त्यांच्या दृष्टीने विघ्न नसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. तरीही वारीची वाट घाटमाथ्याकडे पाठ करून कमी पावसाच्या पूर्वेकडे जाते, आणि तिच्यात पावसाला भेटायला जाण्याचा हेतू नसून पाऊस हा केवळ सोबती असतो.

इंग्रजी अमदानीत डोंगरावर हवापालटासाठी जाण्याची पद्धत सुरू झाली, आणि म्हणून वर्षासहलीचे मूळही साहेबाच्या रिवाजात शोधण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर येथे जी वसाहत सुरू केली आणि ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानच्या पठाराकडे जे लक्ष वेधले, ती दोन्ही ठिकाणे उन्हाळ्यासाठी होती. जूनच्या मध्यापर्यंत महाबळेश्वरातील बंगले रिकामे होत, भिंती पावसाने खचू नयेत म्हणून त्यांना गवताचे जाड पडदे बांधले जात, आणि चार महिने तिथे स्थानिक रहिवासी व रखवालदार यांच्याखेरीज फारसे कोणी उरत नसे. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने उभारलेली आणि १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान ही अरुंद मापाची छोटी रेल्वेही पावसाळ्यात बंद राहत आली. मुंबई सरकारचा वार्षिक क्रम याच हिशेबाने आखलेला असे: कडक उन्हाळा महाबळेश्वरी काढायचा आणि पाऊस लागताच पुण्यास उतरायचे. गणेशखिंडीतील गव्हर्नरांचा प्रशस्त वाडा, जो आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, तो १८६० च्या दशकात याच पावसाळी मुक्कामासाठी बांधण्यास घेतला गेला. पुण्याची निवड तिथल्या पावसासाठी नव्हती, तर मुंबईच्या आणि घाटाच्या पावसापासून सुटका होण्यासाठी होती. पर्जन्यछायेत बसून पावसाळा सुखाने घालवणे हा साहेबाचा रिवाज होता, आणि घाटमाथ्यावर जाऊन तो अंगावर घेणे ही नंतरच्या देशी माणसांची निर्मिती होय.

त्या निर्मितीसाठी आधी घाट सुलभ व्हावा लागला. माल्कम यांच्याच कारकिर्दीत तयार झालेला बोरघाटातील गाडीरस्ता १८३० च्या नोव्हेंबरमध्ये खुला झाला आणि तोवर लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून चालणारी मालाची वाहतूक चाकांवर आली. पण खरा बदल ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घडवला. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग जून १८५८ मध्ये सुरू झाला, तेव्हा मुंबईकडील मार्ग घाटाच्या पायथ्याशी येऊन ठेपलेला होता. मधला चढ मात्र प्रवाशांना पालखीत बसून, तट्टूवर किंवा बैलगाडीतून पार करावा लागे, आणि पावसाळ्यात त्या चढणीचे हाल काय असतील हे वेगळे सांगण्याची गरज नाही. हा मधला तुटलेला दुवा सांधण्याचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू होऊन २१ एप्रिल १८६३ रोजी पूर्ण झाले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेल्या सुमारे २५ किलोमीटरांच्या या मार्गावर २५ बोगदे आणि ८ मोठे पूल होते, आणि १,८३१ फुटांची चढण एका दमात साधता येत नसल्यामुळे मध्ये एक उलटफेराचे स्थानक ठेवलेले होते, जिथे गाडीचे इंजिन एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. कामाच्या ऐन भरात, १८६१ मध्ये, तिथे ४२ हजारांपर्यंत मजूर राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मुंबईत उतरल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवले. कड्याला दोर बांधून सुरुंग लावणाऱ्या मजुरांपैकी किती जण पटकीने, तापाने आणि अपघाताने मेले याची नावनिशीवार नोंद कोणी ठेवली नाही. आज पावसात बोगद्यातून बाहेर पडताच दिसणाऱ्या ज्या दरीला प्रवासी दाद देतात, तिच्या काठाची वाट त्या मजुरांनी कोरलेली आहे, हे विसरता कामा नये.

उल्लेखनीय बाब अशी की बांधकामाच्या त्या वर्षांत पावसाळा म्हणजे काम जवळजवळ बंद ठेवण्याचा काळ होता, आणि मार्ग तयार झाल्यावरही पावसाने आपला हक्क सोडला नाही: घाटातील एक मोठा दगडी पूल १८६७ च्या जुलैमध्ये कोसळला. तरीही लोहमार्गाने एक मूलभूत गोष्ट केली. पावसाळ्यात घाट बंद होण्याची परंपरा त्याने मोडली आणि बंद डब्यात कोरड्या अंगाने बसून कोसळता पाऊस पाहण्याची सोय सामान्य तिकिटात उपलब्ध करून दिली. कर्जतला गाडीच्या पाठीमागे जोडली जाणारी जादा इंजिने, त्यांच्या बळावर मंद गतीने होणारी चढण, बोगद्याचा अंधार आणि त्यानंतर अचानक उघडणारी पांढऱ्या धारांची दरी, हा अनुभव कोणत्याही सहलीचा भाग म्हणून योजलेला नव्हता, पण मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या पिढ्यांना पाऊस हे एक पाहण्याजोगे दृश्य आहे हे प्रथम या खिडकीने शिकवले. १९२९ मध्ये नवा मार्ग तयार होऊन उलटफेराचे स्थानक इतिहासजमा झाले, घाटात विजेची इंजिने आली, आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. पुण्यातील घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात असल्यामुळे शनिवार-रविवारी तिकडे जाणाऱ्या धनिकांची सोय हा तिच्या आरंभीचा एक मुख्य हेतू होता. म्हणजे पाऊस आणि आठवड्याची सुट्टी यांची सांगड घालणारी पहिली नामवंत गाडी शर्यतीच्या शौकिनांसाठी निघाली होती.

रेल्वेने माणसे वर आणली, पण वर आल्यावर त्यांनी जायचे कुठे, हा प्रश्न पाण्याच्या गरजेने सोडवला. वाफेच्या इंजिनाला चढावर पाणी फार लागते आणि घाटमाथ्यावर चार महिने जलप्रलय असला तरी उरलेले आठ महिने टंचाई असते. म्हणून रेल्वेने इंद्रायणीच्या उगमाजवळ भुशी येथे एकोणिसाव्या शतकात धरण बांधले. तळे भरले की जादा पाणी ज्या पायरीदार भिंतीवरून वाहून जाते तिला सांडवा म्हणतात, आणि इंजिनांसाठी बांधलेल्या या धरणाच्या सांडव्याच्या पायऱ्या पुढे बसून भिजण्यासाठी अगदी योग्य निघाल्या. वाफेची इंजिने गेली, धरणाचा मूळ हेतू संपला, पायऱ्या मात्र राहिल्या, आणि मराठी माणसाच्या मनात पावसाळी सहल म्हटली की जे पहिले चित्र उभे राहते ते या सांडव्याचे असते.

दुसरी आणि याहून मोठी जलयोजना टाटांची होती. घाटावरचा पाऊस तलावांत अडवून नळांवाटे कोकणात सोडायचा आणि त्या पडण्यातून मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज काढायची, ही जमशेटजी टाटा यांची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर साकार झाली. त्यासाठी १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये काम सुरू झाले आणि लोणावळा, वळवण व शिरोता या तलावांचे पाणी सुमारे १,७०० फूट खाली उतरून १९१५ पासून खोपोलीच्या केंद्रात वीज देऊ लागले. तोवर ज्या पावसाकडे अडथळा म्हणून पाहिले जात होते तो आता धन झाला. त्यापाठोपाठ आंध्रा खोऱ्याच्या पाण्यावरील भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावरील भिऱ्याचे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. ज्या विस्तीर्ण तलावांकाठी आज लोक गाड्या थांबवून धुके पाहतात त्यांच्या तळाशी भातखाचरे आणि वस्त्या आहेत. मुळशीच्या शेतकऱ्यांनी पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात जमिनीसाठी सत्याग्रह केला, त्याच लढ्याने बापटांना सेनापती ही पदवी मिळवून दिली, आणि तरीही पन्नासेक गावांना पाण्याखाली जाण्यापासून वाचवता आले नाही. मुळशी-ताम्हिणीच्या पावसाळी सौंदर्याचे वर्णन करणाऱ्या लेखनात या गावांचा उल्लेख सहसा नसतो. तो असायला हवा, कारण हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. ते माणसांना उठवून मिळवलेले आहेत.

तिसरी आवश्यक गोष्ट होती मोकळा दिवस. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या वतीने अनेक वर्षे केलेल्या मागणीला यश येऊन १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. सण-उत्सवांच्या सुट्ट्या पंचांगाने ठरतात आणि त्यांना धार्मिक कर्तव्ये जोडलेली असतात. रविवार मात्र पंचांगातील कोणत्याही सणाला बांधलेला नव्हता आणि म्हणूनच तो सहलीला देता येऊ लागला. अर्थात सुट्टी मिळाली म्हणून गिरणी कामगार लगेच खंडाळ्याला निघाले असे मुळीच नाही. प्रारंभी घाटमाथ्यावर बंगले बांधले ते मुंबईतील श्रीमंत पारशी, गुजराती आणि इतर व्यापारी घराण्यांनी. शाळा-महाविद्यालयांच्या सहली आणि कारकून वर्गाची एक दिवसाची भटकंती यांनी ही मौज हळूहळू खालच्या उत्पन्नगटांपर्यंत आणली. गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या लेखकांनी किल्ल्यांच्या वाटा पायी तुडवण्याचे वेड मराठी वाचकांना लावले, आणि लोहगड, विसापूर, राजमाची हे किल्ले पावसाळ्यातही चढले जाऊ लागले. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाल्यावर पुण्याच्या विद्यार्थ्यांना आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील कामगारांना ही सहल अगदी थोड्या पैशांत करता येऊ लागली. १९९८ च्या ‘गुलाम’ या हिंदी चित्रपटातील एका गाण्याने खंडाळ्याचे नाव देशभर नेले, आणि २००२ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने चारचाकी गाड्यांचा लोंढा आणला. यांतील द्रुतगती मार्गाचा परिणाम सर्वांत खोल होता. रेल्वेने आणलेला माणूस स्थानकापासून चालत जाई आणि गाडीच्या वेळेशी बांधलेला असे, तर मोटारीने आलेला माणूस धबधब्याच्या तोंडापर्यंत पोहोचू लागला.

सहलीबरोबर तिचे खाणेही ठरून गेले. आषाढात तळणीचे पदार्थ करण्याच्या घरगुती रिवाजाला आखाड तळणे म्हणतात, आणि घाटातल्या टपरीवरील कांदाभजी त्या रिवाजाच्या शेजारी सहज जाऊन बसली. निखाऱ्यावर भाजून मीठ-तिखट-लिंबू चोळलेले मक्याचे कणीस, कर्जत स्थानकावरचा बटाटावडा आणि परतताना घरी न्यायची चिक्की हे या सहलीचे इतर ठरलेले जिन्नस होत. चिक्की, म्हणजे शेंगदाणे आणि गूळ यांचा हा साधा, स्वस्त, पोटभरीचा मेळ, पूर्वी गुडदाणी या नावाने खाल्ला जाई.

मावळातील शेतकऱ्याचा पावसाळा मात्र या सगळ्याहून वेगळा राहिला आहे. सहलकऱ्यांची सर्वाधिक गर्दी जुलैत होते आणि तेच दिवस भाताच्या आवणीचे, म्हणजे रोपवाटिकेतील रोपे उपटून चिखल केलेल्या खाचरांत लावण्याचे असतात. पूर्वी बांबूच्या कामट्या आणि पळसाची पाने यांचे इरले पाठीवर घेऊन, नाहीतर घोंगडीची खोळ डोक्यावर ओढून बायका-माणसे दिवसभर वाकून लावणी करीत. आज त्यांची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे, पण कंबर तितकीच वाकते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी हा सुवासिक तांदूळ शहरांतील स्वयंपाकघरांत पोहोचला, आणि त्याची रोपे ज्या बांधांच्या आधाराने उभी असतात त्या बांधांवरून चालत शहरातील माणसे धबधब्याकडे जातात. कोवळे अंकुर तुडवले जातात ही वर्षावासाच्या नियमामागची तक्रार आजही मावळात ऐकू येते. त्याच वेळी कणसे भाजणारी, चहाच्या टपऱ्या चालवणारी आणि घरगुती जेवण देणारी माणसेही याच गावांतील आहेत आणि अनेक कुटुंबांसाठी पावसाळ्यातील हे चार पैसे भातापेक्षा भरवशाचे ठरले आहेत, त्यामुळे गावांचे या गर्दीशी असलेले नाते एका शब्दात सांगता येत नाही.

गेल्या काही वर्षांत या प्रथेने बळीही घेतले आहेत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील धबधब्यात पाणी अचानक वाढून एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने अनेक पावसाळी ठिकाणी वाहत्या पाण्यात उतरण्यास आणि ठराविक वेळेनंतर थांबण्यास मनाई करणारे आदेश काढले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, इंद्रायणीवर तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळा येथे जुना लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही दिवस रविवार होते आणि नदी एकच होती. कुंडमळ्याच्या खाली थोड्या अंतरावर, त्याच नदीच्या काठी देहू आहे, आणि त्याच्याही पुढे आळंदी. दुर्घटनेनंतर तिसऱ्या दिवशी, १८ जूनला, तुकोबांच्या पालखीने देहूहून प्रस्थान ठेवले आणि दुसऱ्या दिवशी आळंदीहून माउलींची पालखी निघाली. इंद्रायणी तेव्हा दोन्ही तीरांना लागून वाहत होती आणि वारकरी तिचे पाणी डोळ्यांना लावून पूर्वेकडे चालू लागले होते.